पहिलीच क्रूझ, तीन पिढ्या आणि सात रात्री: ठरवताना काय पाहावे?

सांजवारा

नमस्कार. पुढच्या वर्षी आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्ताने आम्ही सहा जणांनी सात रात्रींची क्रूझ करावी असे घरात जवळजवळ ठरले आहे. मी, माझा नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि आई-बाबा असे आम्ही जाणार आहोत. बाबा शहात्तर वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे काठी घेऊन चालतात आणि सलग अर्धा तास उभे राहणे त्यांना जमत नाही. आईची तब्येत ठीक आहे, पण रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते. आमच्यापैकी कोणीही याआधी मोठ्या जहाजात पाऊल ठेवलेले नाही.

क्रूझचा विचार मनात आला तो एकाच कारणाने. दर दोन दिवसांनी सामान बांधणे, हॉटेल बदलणे आणि गाडीत तासन्‌तास बसणे बाबांना आता झेपणार नाही. एकदा बॅग उघडली की आठवडाभर तीच खोली, आणि सकाळी खिडकीबाहेर नवे गाव, ही कल्पना आम्हाला फार आवडली. आमच्यासमोर सध्या भूमध्य समुद्रातल्या दोन सहली आहेत. एक अगदी नव्या, प्रचंड मोठ्या जहाजाची असून तिच्यात सात रात्रींत सहा बंदरे आहेत. दुसरी जुन्या आणि मध्यम आकाराच्या जहाजाची आहे. तिच्यात चार बंदरे आणि दोन दिवस पूर्ण समुद्रात आहेत. दोन्हींचे मूळ भाडे जवळपास सारखेच आहे.

केबिन कोणती घ्यावी, बाल्कनीसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ आहे का, किनाऱ्यावरच्या सहली जहाजाकडूनच घ्याव्यात का, आणि मूळ भाड्याशिवाय खर्च कशाकशाचा होतो, हे समजून घ्यायचे आहे. शिवाय एवढ्या गर्दीत बाबांचे हाल तर होणार नाहीत ना, ही मनातली खरी भीती आहे. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

नांगर

सांजवारा, सर्वप्रथम आई-बाबांचे अभिनंदन. मी गेल्या बारा वर्षांत नऊ क्रूझ केल्या आहेत, त्यांतल्या दोन सासऱ्यांना सोबत घेऊन. केबिन आणि पॅकेज यांच्याकडे वळण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे असे मला वाटते: तुम्हाला जहाज हवे आहे की बंदरे? माझ्या पाहण्यात ज्यांची क्रूझ फसली, त्यांच्यापैकी बहुतेकांना हवी होती बंदरे आणि त्यांनी निवडले होते जहाज, किंवा नेमके उलट.

आजची मोठी जहाजे हीच मुक्कामाची ठिकाणे म्हणून बांधली जातात. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ची लांबी सुमारे ३६५ मीटर आहे. प्रत्येक केबिनमध्ये दोघे धरले तरी तिच्यावर ५,६१० प्रवासी राहतात आणि सगळ्या जागा भरल्या तर ही संख्या साडेसात हजारांच्या वर जाते. अशा जहाजावर मुलांना आठवडा पुरत नाही. परंतु ते बंदराला लागते तेव्हा तेवढीच माणसे एकाच सकाळी, एकाच जिन्याने उतरू पाहतात. शिवाय सात रात्रींत सहा बंदरे म्हणजे जवळपास रोज सकाळी लवकर उठणे, रांगेत उभे राहणे आणि दुपारी घाईने परतणे. तुमच्या बाबांना विश्रांती मिळावी म्हणून तुम्ही क्रूझ निवडली आहे, हे इथे विसरू नये. समुद्रातले दोन दिवस वाया गेले असे पहिल्यांदा जाणाऱ्यांना वाटते. वयस्कर माणसांना मात्र नेमके तेच दिवस आठवणीत राहतात.

गर्दीचा अंदाज केवळ आकारावरून बांधू नका. जहाजाच्या माहितीत ‘ग्रॉस टनेज’ दिलेले असते. नावात टन असला तरी ते वजन नसून जहाजाच्या आतल्या एकूण जागेचे माप असते. त्या आकड्याला दोघांच्या हिशेबाने येणाऱ्या प्रवासीसंख्येने भागले की माणशी किती जागा मिळते ते कळते. ‘आयकॉन’च्या बाबतीत २,४८,६६३ भागिले ५,६१० म्हणजे साधारण ४४ येतात, आणि हा आकडा चांगला आहे. तिशीच्या आसपास आकडा आला तर जहाज लहान असूनही दाटीवाटीचे वाटू शकते. तुमच्या दोन्ही जहाजांचा हा भागाकार करून पाहा, कारण ‘मोठे म्हणजे गर्दीचे’ हा समज पुष्कळदा चुकतो. फक्त शाळांच्या सुट्टीत तिसऱ्या-चौथ्या खाटाही भरतात, हे गृहीत धरा.

दुसरे म्हणजे बंदराच्या नावावर जाऊ नका, नकाशा उघडून पाहा. वेळापत्रकात ‘रोम’ लिहिलेले असते, पण जहाज लागते चिवितावेक्क्याला, आणि तिथून रोम सुमारे ८० किलोमीटरवर आहे. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र. व्हेनिसबाबत तर विशेष काळजी घ्यावी लागते. १ ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार ग्रॉस टनेजपेक्षा मोठ्या जहाजांना सेंट मार्कच्या चौकासमोरून जाण्यास बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही सफरी प्रत्यक्षात राव्हेन्ना किंवा त्रिएस्ते येथून निघतात, आणि तिथून व्हेनिसला पोहोचायला साधारण दोन तास लागतात. याउलट माल्टातल्या व्हॅलेटाला जहाज शहराच्या तटबंदीच्या अगदी खाली लागते आणि धक्क्यापासून थोड्याच अंतरावर थेट वरच्या बागेत नेणारी लिफ्ट आहे. सासऱ्यांनी तिथे लिफ्टने वर जाऊन बाकावर बसून तासभर बंदर पाहिले आणि दुपारच्या जेवणाला आम्ही पुन्हा जहाजावर होतो. त्या सफरीतला त्यांचा सर्वांत आवडता दिवस तोच.

केबिनबद्दल. जहाजाचा मध्यभाग आणि खालचे मजले सर्वांत कमी हलतात. आधुनिक जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते बाजूंना होणारे झुलणे कमी करतात, मात्र पुढचे टोक वर-खाली होणे त्यांनी फारसे थांबत नाही, म्हणून नाकाकडची केबिन पहिल्यांदा जाणाऱ्यांनी टाळावी. मजल्यांचा आराखडा उघडून आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे तेही पाहा. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, खाली नाट्यगृह असेल तर रात्री ढोल ऐकू येतो. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा उत्तम. ‘गॅरंटी’ प्रकारात स्वस्त मिळते, पण केबिनचा क्रमांक कंपनी ठरवते. तुमच्यासारख्या कुटुंबाने तो प्रकार घेऊ नये, कारण दोन केबिन दोन टोकांना येण्याची शक्यता असते. लागून असलेल्या, आतून दार असलेल्या दोन केबिन मागा. बाल्कनी आई-बाबांच्या केबिनला अवश्य घ्या. ज्या दिवशी बाबांना उतरावेसे वाटणार नाही, त्या दिवशी ती बाल्कनीच त्यांचे बंदर असेल. तुमच्या चौघांच्या केबिनला ती नसली तरी चालेल.

निळीरेघ

नांगर यांनी जहाज आणि बंदर यांचा फरक फार चांगला सांगितला आहे. मी फक्त ज्येष्ठांविषयी लिहिते, कारण माझ्या वडिलांच्या बाबतीत आमच्याकडून दोन चुका झाल्या आणि त्या कोणाकडूनही होऊ नयेत असे मनापासून वाटते.

पहिली चूक औषधांची. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच सोपवाव्या लागतात आणि त्या केबिनच्या दारात येईपर्यंत संध्याकाळ, कधी रात्र होते. वडिलांच्या गोळ्यांचा डबा त्या बॅगेत गेला होता. दुपारची गोळी चुकली, रात्री साडेआठपर्यंत बॅग आली नाही, आणि तोपर्यंत आई केबिनच्या दारात उभी राहून येणारी प्रत्येक हातगाडी पाहत होती. औषधे, चष्मा, कागदपत्रे, मुलांचे पोहण्याचे कपडे आणि एक जादा सदरा हे सर्व हातातल्या पिशवीतच हवे. औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा निदान चार दिवस जास्तीची घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह जवळ ठेवा.

दुसरी चूक केबिनची. साध्या केबिनमध्ये न्हाणीघराच्या दाराला चार बोटे उंच उंबरठा असतो, आणि बाल्कनीच्या दारालाही बहुधा असतोच. दिवसा तो लक्षात राहतो. आमचे वडील दुसऱ्या रात्री अंधारात उठले, काठीचे टोक उंबरठ्याला अडले आणि ते गुडघ्यावर पडले. हाड मोडले नाही हे नशीब. त्यानंतर मला समजले की प्रत्येक जहाजावर काही केबिन चालायला त्रास असणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात. त्यांच्या न्हाणीघराला उंबरठा नसतो, भिंतीला पकडण्याचे दांडे असतात आणि बसून अंघोळ करण्याची सोय असते. अशा केबिन थोड्याच असतात आणि लवकर संपतात. बाबांना काठी लागते हे नोंदणी करतानाच स्पष्ट सांगून तशी केबिन मागा. व्हीलचेअर लागत नाही म्हणून संकोच करू नका. तशी मिळाली नाहीच, तर रात्रभर न्हाणीघराचा दिवा चालू ठेवा.

बंदरे निवडताना ‘टेंडर’ हा शब्द शोधा. जिथे जहाज धक्क्याला लागू शकत नाही तिथे ते समुद्रातच नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. होडी आणि जहाजाचा फलाट दोन्ही हलत असतात आणि नेमक्या क्षणी पाऊल टाकावे लागते. मदतीला माणसे असतात, पण गुडघे दुखणाऱ्याला ते अवघडच जाते. सँटोरिनी हे असे बंदर आहे. तिथे होडीतून उतरल्यावर वरच्या गावात जायला केबल कार आहे किंवा पाचशेहून अधिक पायऱ्यांची वाट आहे, आणि तीन-चार जहाजे एकाच दिवशी आली तर परतीच्या केबल कारसाठी भर उन्हात तास-दीड तास उभे राहावे लागते. आम्ही वडिलांना त्या दिवशी जहाजावरच ठेवले, आणि तो निर्णय योग्य होता, कारण ज्वालामुखीच्या मुखात भरलेले ते पाणी आणि वरची पांढरी घरे जहाजाच्या डेकवरूनच सर्वांत सुंदर दिसतात.

विम्याशिवाय जाऊ नका, हे मी आग्रहाने सांगते. जहाजावर डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास असतात, पण तपासणीचे वेगळे बिल होते आणि ते जागेवरच तुमच्या खात्यात लिहिले जाते. गंभीर आजारात माणसाला जवळच्या बंदरात उतरवतात किंवा हेलिकॉप्टरने नेतात, आणि ज्या देशात उतरवले तिथल्या इस्पितळाचा खर्चही आपलाच असतो. त्यामुळे विम्यात समुद्रावरून तातडीने हलवण्याचा खर्च आणि आधीपासून असलेले आजार दोन्ही धरलेले आहेत का, हे वाचूनच सही करा. आईचा रक्तदाब लपवू नका. लपवलेला आजार हाच दावा नाकारण्याचे कारण ठरतो.

पोटाच्या साथीबद्दल भीती घालायची नाही, पण नोरोव्हायरस बंदिस्त जागेत झपाट्याने पसरतो आणि त्यावर हाताला चोळायचे अल्कोहोलचे द्रव्य फारसे चालत नाही. साबण आणि पाण्याने वीस सेकंद हात धुणे हाच उपाय आहे. बुफेच्या दारात उभे राहून मुलीचे हात मी प्रत्येक वेळी स्वतः धुऊन घेत असे.

पायवाट

मला वेगळे मत मांडायचे आहे. एका गावात पाय रोवून राहणे, त्याच बाजारात तीन दिवस जाणे आणि संध्याकाळी दिवे लागताना गल्ल्यांतून फिरणे यालाच जे प्रवास मानतात, त्यांचे समाधान मोठ्या क्रूझमध्ये होत नाही. जहाज सकाळी आठला लागते आणि पाच-सहाला निघते. गाव खऱ्या अर्थाने मोकळे होते ते जहाजे गेल्यावर, आणि ती वेळ क्रूझच्या प्रवाशाला कधीच मिळत नाही. शिवाय एका दिवसात पाच-सहा हजार माणसे लहानशा गावात उतरली की तिथे राहणाऱ्यांचे काय होते, याचाही विचार व्हायला हवा. अलास्कातल्या जूनो शहराने २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली ती याच कारणाने.

सांजवारा, तुमच्या बाबांची अडचण मला समजते. पण एकाच जागी तळमजल्याचे घर आठवडाभर भाड्याने घेतले, तरीही बॅग एकदाच उघडावी लागते. हा पर्याय घरात एकदा बोलून तरी पाहावा, एवढेच सुचवतो.

सांजवारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नांगर यांचा प्रश्न काल रात्री जेवताना सर्वांसमोर ठेवला. मुलाने लगेच ‘जहाज’ म्हटले, आईने ‘बंदरे’ म्हटले, आणि बाबा बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “मला समुद्र हवा आहे.” त्यांनी आयुष्यात किनाऱ्यावरून समुद्र पाहिला, पण चारही बाजूंना फक्त पाणी असे कधी पाहिले नाही. त्यामुळे पायवाट यांचा पर्याय मनाला पटूनही आम्ही जहाजानेच जाऊ आणि समुद्रातले दोन दिवस असलेली सफर घेऊ, असे वाटू लागले आहे. न्हाणीघराच्या उंबरठ्याची गोष्ट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती, त्याबद्दल निळीरेघताईंचे विशेष आभार. आता खर्च आणि किनाऱ्यावरच्या सहली याविषयी कोणी लिहील का?

नांगर

बाबांच्या उत्तराने तुमचा प्रश्न सुटला, असे मी म्हणेन. पायवाट यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मीही एखादे गाव खरेच पाहायचे असेल तर जहाजाने जात नाही. क्रूझमध्ये गावाची ओळख होते, सहवास होत नाही. हे मान्य करून गेले की निराशा होत नाही.

आता खर्च. मूळ भाड्यात केबिन, मुख्य भोजनगृहातले आणि बुफेतले जेवण, संध्याकाळचे कार्यक्रम, तलाव आणि दिवसा मुलांचा क्लब एवढे साधारणपणे धरलेले असते. मद्य, शीतपेये, बहुतेक ठिकाणी चांगली कॉफी, खास उपाहारगृहे, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली आणि छायाचित्रे यांचे पैसे वेगळे. बहुतेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठीची टिप दर माणशी दर दिवशी आपोआप खात्यात लावतात आणि ती मुलांनाही लागते, म्हणून सहा माणसे गुणिले सात दिवस हा हिशेब आधीच मांडून ठेवा. ती रक्कम काढून टाकण्याची सोय काही ठिकाणी असते, पण मी तसे कधी करत नाही. केबिन स्वच्छ ठेवणारे आणि ताटे उचलणारे लोक घरापासून दूर सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांच्या करारावर असतात, आणि त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग या रकमेतून येतो.

पेयांचे पॅकेज मांडलेल्या हिशेबाशिवाय घेऊ नका. अनेक कंपन्यांत एका केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले तर दुसऱ्या प्रौढालाही घ्यावे लागते, आणि ते पूर्ण प्रवासासाठी असते. बंदराच्या दिवशी तुम्ही आठ तास जहाजावर नसता. आम्ही दोघांनी पहिल्या वेळी ते घेतले, शेवटी बिले मांडली आणि सुटे पैसे देऊन प्यायलो असतो तर निम्म्यात भागले असते असे दिसून आले. पाणी, चहा आणि साधी कॉफी बुफेत बहुधा भाड्यातच मिळते. वायफाय किंवा पॅकेज घ्यायचेच असेल तर प्रवासाआधी संकेतस्थळावरून घ्या. जहाजावर गेल्यावर तेच सहसा महाग पडते.

फोनचा मात्र प्रत्येकाला इशारा द्या. जहाज किनारा सोडते तेव्हा फोन आपोआप जहाजावरच्या मोबाइल जाळ्याला जोडला जातो आणि त्याचे दर सामान्य रोमिंगच्या योजनेत धरलेले नसतात. दोर सुटण्याआधी सहाही जणांचे फोन विमान मोडवर टाका, नंतर हवे असल्यास फक्त वायफाय चालू करा. बाबांच्या फोनवर हे तुम्हीच करून द्या.

आता सहली. जहाजाकडून घेतलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबते किंवा तुम्हाला पुढच्या बंदराला पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः गेलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जाते. धक्क्यावरून धावणारी माणसे आणि हळूहळू दूर जाणारे जहाज हे दृश्य मी स्वतः वरच्या डेकवरून पाहिले आहे. त्या दांपत्यापैकी नवऱ्याच्या हातात खरेदीची पिशवी होती, आणि जहाज वळेपर्यंत तो हात हलवत राहिला. परत येण्याची शेवटची वेळ निघण्याच्या वेळेपेक्षा निदान अर्धा तास आधीची असते. त्यातही जहाजाचे घड्याळ आणि किनाऱ्यावरचे घड्याळ कधीकधी वेगळे असते, आणि फोन मात्र किनाऱ्याची वेळ धरतो. म्हणून मनगटावर साधे घड्याळ बांधून ते जहाजाच्या वेळेवर ठेवावे.

माझा नियम सोपा आहे. गाव धक्क्यापासून तासाभरापेक्षा दूर असेल, तर जहाजाचीच सहल. गाव चालत जाण्याइतके जवळ असेल, तर स्वतः जायचे आणि सुटण्याच्या दोन तास आधी परत यायचे. बाबांसाठी सहलीच्या वर्णनात चालण्याचे अंतर, पायऱ्या आणि दगडी फरसबंदी यांचा उल्लेख असतो, तो वाचा. ‘पॅनोरॅमिक’ असे लिहिलेल्या सहलीत बहुतांश वेळ बसमध्येच बसायचे असते, आणि तुमच्या बाबांना ती चांगली पडेल. मुलांना घेऊन नवऱ्याने दुसरीकडे जावे. सहा जणांनी रोज एकत्रच हिंडले पाहिजे असे नाही.

निळीरेघ

दोन गोष्टी राहिल्या म्हणून पुन्हा लिहिते. जहाज निघायच्या दिवशी सकाळच्या विमानाने पोहोचण्याचा धोका पत्करू नका; आदल्या दिवशीच त्या शहरात जाऊन एक रात्र राहा. विमानाला चार तास उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही, आणि थकलेल्या बाबांना विमानातून उतरवून थेट बंदराच्या रांगेत उभे करणे बरे नाही. बंदरावर व्हीलचेअरची मदत मागता येते, ती आधी नोंदवा. ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी मार्गही तपासावा. शेंगेन देशांतून, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतून, सुरू झालेली सफर मध्ये तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रोला जाऊन परत येत असेल, तर अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा हवा. एकदाच प्रवेशाचा घेतला तर जहाजावर चढूच देत नाहीत.

दुसरी गोष्ट सुरक्षेच्या सरावाची. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कोन्कोर्दिया’ खडकावर आदळून कलंडले आणि ३२ माणसे गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या अनेक प्रवाशांचा सराव अजून झालेला नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच सराव घ्यावाच लागतो. सात आखूड आणि एक लांब भोंगा ऐकू आला की कुठे जायचे, हे केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेले असते. मुलाबरोबर बाबांनाही ती जागा एकदा प्रत्यक्ष चालवून दाखवा, कारण त्या वेळी लिफ्ट वापरता येत नाहीत. बाबांना जिना उतरायला मदत लागेल हे पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात नोंदवा, म्हणजे तशा प्रसंगी त्यांच्यासाठी माणूस ठरवून दिला जातो.

मुलीबद्दलही सांगते. तलावांवर जीवरक्षक सगळ्याच जहाजांवर नसतात. सहा वर्षांच्या मुलीजवळ पाण्यात किंवा काठावर तुमच्यापैकी एकाने सतत असायला हवे, पुस्तक किंवा फोन हातात न घेता.

सांजवारा

आज नोंदणी केली. मध्यम आकाराचे जहाज, समुद्रातले दोन दिवस, आई-बाबांना मधल्या भागात बाल्कनीची, उंबरठा नसलेली केबिन, आणि समोरच आमची चौघांची आतली केबिन. आतून दार असलेली जोडी मिळाली नाही, पण मधे फक्त बोळ आहे. नांगर यांनी सांगितलेला भागाकार केला तर दोन्ही जहाजांचे आकडे जवळपास सारखे निघाले, याचे आश्चर्य वाटले. एक टेंडर बंदर आहे. त्या दिवशी मी बाबांबरोबर जहाजावर थांबेन.

शेवटचा एक प्रश्न. रात्रीच्या जेवणाची वेळ ठरावीक घ्यावी की रोज हवी तेव्हा जाण्याची?

नांगर

छान झाले. बाबा आणि लहान मुलगी दोघांचा विचार करता ठरावीक आणि लवकरची वेळ घ्या. रोज तेच टेबल आणि तेच वाढपी असतात. दुसऱ्या रात्रीपासून कोणाला काय चालत नाही हे त्यांना सांगावे लागत नाही, आणि दारात रांगेत उभे राहावे लागत नाही. आहाराची पथ्ये असतील तर ती नोंदणीच्या वेळीच लेखी कळवा. सहा जणांचे स्वतंत्र टेबल मागा, शक्यतो दाराजवळचे, म्हणजे बाबांना सगळे भोजनगृह ओलांडून जावे लागणार नाही. टेबल पसंत पडले नाही तर पहिल्या दिवशी दुपारीच भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून बदलून घ्या. संध्याकाळी तेच सांगायला आलेल्या माणसांची त्याच्यासमोर रांग लागलेली असते.